मेंदूवर काम करायला जर्मनीला यायचंय? मग आधी हे वाच

तू सांगलीहून विचारलंस: प्राणिशास्त्रात एमएस्सीचं शेवटचं वर्ष आहे, न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायला जर्मनीला यायचंय, तर इथे परत एक मास्टर्स करावं लागेल का आणि बाबांना किती कर्ज काढावं लागेल?

कर्जाचं आधी सांगते, कारण घरात झोप त्यानेच उडते. इथे पीएचडी म्हणजे बहुतेकदा नोकरी. करार होतो, दरमहा पगार येतो (बहुतेक ठिकाणी सरकारी ई-१३ श्रेणीच्या ६५ टक्के किंवा थोडा जास्त), त्यातूनच आरोग्य विमा आणि पेन्शन कापलं जातं. त्यामुळे पीएचडीसाठी एक रुपयाही कर्ज काढू नकोस. मास्टर्सला आलीस तर मात्र ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि आल्यावर त्यातले महिन्याला ९९२ च हाती पडतात. शिवाय एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी भारतातली पदवी खरी असल्याचा दाखला लागतो, त्याला वेळ लागतो. ट्युबिंगेन किंवा हायडेलबर्ग डोक्यात असेल तर त्या राज्यात आपल्यासारख्यांना प्रत्येक सेमिस्टरला १,५०० युरो फीही आहे.

आता मास्टर्स. तुझी एमएस्सी पीएचडीच्या प्रवेशाला सहसा पुरते. पण तुझ्या पत्रात प्रयोगशाळेत काम केल्याचा एकही उल्लेख नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते. एक तर सहा महिने, वर्षभर पुण्याच्या आयसर किंवा मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर राहा. विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिपही चांगली सुरुवात आहे. नाहीतर ग्योटिंगेन गावातला मॅक्स प्लांक या संशोधन संस्थेचा न्यूरोसायन्सचा मास्टर्स-पीएचडी कार्यक्रम बघ. तो २००० सालापासून चालू आहे, पहिल्या वर्षी वेगवेगळ्या लॅबमध्ये काम करायला मिळतं आणि चांगलं जमलं तर तिथूनच थेट पीएचडीला जाता येतं.

मी त्याच गावात आहे. पेशीच्या पडद्यातल्या एकेका आयन-वाहिनीतून (विद्युतभारित कण जातात त्या सूक्ष्म दारातून) जाणारा प्रवाह एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी इथेच मोजला. त्याबद्दल त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. मी रोज करते ते त्याच पद्धतीचं काम. उंदराच्या मेंदूचा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा काप ऑक्सिजन सोडलेल्या क्षारद्रावणात ठेवायचा, मायक्रोस्कोपखाली एक पेशी निवडायची आणि जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर टोकाची काचेची नळी तिच्यावर अलगद टेकवायची. मग तोंडात धरलेल्या रबरी नळीने हळूच ओढ द्यायची. पडदा काचेला घट्ट चिकटला की स्क्रीनवरचा विद्युत रोध एकदम गिगाओहमच्या, म्हणजे अब्ज ओहमच्या वर जातो. पहिले चार महिने मला ते जमतच नव्हतं. सकाळी आठला केलेले काप संध्याकाळपर्यंत मरून जायचे आणि वहीत एकही आकडा नसायचा. ज्या दिवशी पहिली पेशी वीस मिनिटं टिकली, त्या दिवशी मी आईला रात्री दोन वाजता, म्हणजे भारतातल्या पहाटे, फोन केला होता.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. तो काप घ्यायला उंदीर मारावा लागतो, आणि तो तुलाच मारावा लागेल. त्यासाठी इथे आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, परवानगी लागते, प्रत्येक प्राण्याची नोंद होते. तरीही पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुला ते झेपणार नसेल तर त्यात कमीपणा काही नाही; माणसांवरचं एफएमआरआय (काम करणाऱ्या मेंदूचं स्कॅन), ईईजी (डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) किंवा संगणकावरचं मॉडेलिंग तेवढंच खरं न्यूरोसायन्स आहे. पण हे अर्ज करण्याआधी ठरव.

आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक, आजपासून. इथे आकडेमोडीवाचून कुणाचंच भागत नाही.

प्राध्यापकांना मेल लिहिताना मी केलेली चूक करू नकोस. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होणारा एकच मजकूर मी चाळीस जणांना पाठवला होता, उत्तर एकाचंही आलं नाही. मग एकाच लॅबचा एक पेपर आठवडाभर वाचला, त्यातल्या तिसऱ्या आकृतीबद्दल एक प्रश्न विचारला, खाली चार ओळीत स्वतःची माहिती दिली. दोन दिवसांत उत्तर आलं. मेल छोटा हवा, आणि प्रश्न खरोखर पडलेला हवा.

तुला कोणता प्रश्न पडतो तेच तू लिहिलेलं नाहीस: झोप, स्मरण, वेदना, की आणखी काही? ते ठरलं की मेलचा कच्चा मसुदा मला पाठव. रविवारी मी वाचून देईन.