बॅनर लाव, वही देऊ नकोस

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कराराचा मसुदा मिळाला, दोनदा वाचला. एकवीस जूनला, योगदिनी, नाशकात गोदाकाठी कार्यक्रम, चटया आणि टी-शर्ट कंपनीचे, मंचामागे त्यांचा बॅनर, पुढे वर्षभर दरमहा दोन व्हिडिओ, आणि तुला मिळणारी रक्कम तुझ्या दोन्ही बॅचच्या वर्षभराच्या फीपेक्षा जास्त. कंपनी प्रोटीन पावडर विकते आणि हल्ली ‘शुगर कंट्रोल’ नावाचा रसही. तू विचारलंस, ‘ताई, हे घेतलं तर मी योग विकला असं होईल का?’

आधी ती टोचणी मनातून काढून टाक. शिकवण्याचे पैसे घ्यावेत आणि नीट घ्यावेत. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ योग विनामूल्य शिकवतं, त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. पण ते काम कार्यकर्त्यांच्या सेवेवर उभं आहे, तुझं घर तुझ्या वर्गावर चालतं. गंगापूर रोडच्या हॉलचं भाडं पाच तारखेला द्यावंच लागतं. फी मागताना तुझा आवाज पडतो हे मी पाहिलंय. तसं होऊ देऊ नकोस.

योगाला कुणी ना कुणी पैसा पुरवत आलंच आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यामागे राजसत्ता होती. म्हैसूरला कृष्णम्माचार्यांची योगशाळा १९३३ मध्ये राजवाड्यात सुरू झाली ती कृष्णराज वडियारांच्या आश्रयानं. महाराज गेले, स्वातंत्र्यानंतर संस्थानाचा हात आखडला आणि १९५० मध्ये शाळा बंद पडली. त्यांचेच शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते सहा महिन्यांच्या बोलीवर. पुढे ते काम सुटलं, अक्षरशः उपासमारीचे दिवस आले. एकेक विद्यार्थी जोडत ते टिकून राहिले, आणि १९७५ मध्ये पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली. ती अजून चालू आहे. म्हणून प्रायोजक हा शब्द ऐकून बिचकू नकोस. एवढंच बघ, की तो पैसे देऊन तुझ्याकडून काय नेतोय.

पान तीनवरची एक ओळ तुझ्या नजरेतून सुटली असावी, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही. ‘सहभागींची नोंदणी कंपनीच्या क्यूआर कोडद्वारे होईल.’ खाली नोंदणीत विचारायची माहिती दिली आहे: नाव, मोबाइल, वय, वजन, आरोग्यविषयक तक्रारी. माझ्या मते सगळ्या करारात किमती गोष्ट हीच आहे, आणि तिच्यासाठी वेगळा एक रुपयाही लिहिलेला नाही. बॅनर दोन तासांनी उतरेल. यादी त्यांच्याकडे राहील, आणि त्यात तुझ्या बॅचच्या बायका असतील, कारण तू बोलावलंस म्हणून त्या येणार.

तुझ्या वर्गाची वही डोळ्यांसमोर आण. माझीही तशीच होती, दोनशेपानी, हातानं उभ्या रेघा मारलेली. नाव, वय, फी, आणि शेवटी रुंद रकाना, ‘त्रास’. त्या रकान्यात काय काय येतं तुला ठाऊक आहे. एकीनं सगळ्यांसमोर ‘बीपी’ एवढंच लिहायला सांगितलं. वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता जवळ आली आणि म्हणाली, दुसऱ्या बाळंतपणापासून खोकलं, शिंकलं की लघवी होते, दहा वर्षं झाली, घरी कुणाला बोलले नाही. दुसरीच्या नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या, सासरी पत्ता नव्हता. ही माहिती आपल्याला मिळते ती एकाच कारणासाठी. कुणाला पुढे वाकवायचं नाही, कुणाला श्वास रोखायला लावायचा नाही, कुणाला सर्वांगासनापासून लांब ठेवायचं, हे आपल्याला कळावं म्हणून. त्या कामापलीकडे ती वही कुणाच्या हातात जाता कामा नये. घरातल्या माणसांच्याही नाही, मग रस विकणाऱ्या कंपनीच्या तर नाहीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही, माहिती कशासाठी घेतली हे सांगून संमती घ्यावी असंच म्हटलंय. पण कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

आणि हा विश्वास एकट्या तुझ्या कमाईचा नाही. विश्वास मंडलिकांनी १९७८ मध्ये इथे योग विद्या धामची सुरुवात केली. २०१८ मध्ये त्यांना योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला, पण नाशकातल्या माणसाला पुरस्काराआधीच योगवर्ग ठाऊक होता. समाजमंदिरात, शाळेच्या बाकं सरकवलेल्या खोलीत, देवळाच्या सभामंडपात सकाळचे वर्ग घेणारी कितीतरी माणसं या शहरात होऊन गेली. त्यांनी कधी कुणाला काही विकलं नाही. म्हणून आज इंदिरानगरमधली अनोळखी बाई तू पांढरा कुर्ता घालून समोर उभी राहिलीस की डोळे मिटते. कंपनीला मिटलेल्या डोळ्यांपुढे बोलायला मिळतंय. शवासनात, ‘मार्गदर्शन चालू असताना’, उत्पादनाचं नाव तीनदा घ्यायचं असं कलम सातमध्ये आहे. हे वाचून मला खरोखर राग आला. शवासनातलं माणूस कुठल्याच गोष्टीला नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतं. ते कलम पूर्ण काढायला लाव, शब्द बदलून नको.

रसाबद्दलही स्पष्ट बोलते. मधुमेहावर इलाज म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं बंदी आहे. ‘औषध नाही, अन्न आहे’ असं ते म्हणतील. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे व्हिडिओत दिसणारा चेहरा तुझा, आणि नोटीसही तुला. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पतंजली आयुर्वेदला जाहिरातींवरून खडसावलं आणि कंपनीला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. तुझ्याकडे कोण आहे? त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. तुझ्या बॅचमधली एखादी ‘मॅडमनी सांगितलंय’ म्हणून साखरेची गोळी बंद करून रस प्यायला लागली, तर तिचं काय होईल याचा विचार कर.

व्हिडिओंचं कलम मात्र वकिलाला दाखव. तुझी काळजी होती की तू बसवलेला आसनांचा क्रम ते आपल्या नावावर करतील. त्याची फार भीती नको. अमेरिकेत बिक्रम चौधरींनी गरम खोलीतल्या २६ आसनांच्या क्रमावर हक्क सांगितला होता, २०१५ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं तो नाकारला. आपल्याकडेही पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात आसनांची नोंद करून ठेवली आहे, परदेशात कुणी पेटंट मागितलं तर दाखवता यावी म्हणून. क्रम कुणाच्या मालकीचा होत नाही. पण चित्रित केलेला व्हिडिओ होतो. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर आपला कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. यांनी मात्र ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं लिहिलंय. उद्या तू त्यांच्याशी संबंध तोडलास तरी तुझा आवाज त्यांचा रस विकत राहील. एक वर्ष, आणि वर्षानंतर व्हिडिओ काढून टाकायचा, एवढंच मान्य कर.

कंपन्यांमध्ये शिकवायला जाऊ नकोस असं माझं म्हणणं नाही, उलट जरूर जा. सातपूर, अंबडच्या कामगाराला योगाची गरज कॉलेज रोडवरच्या माणसापेक्षा जास्त आहे. एका कारखान्यात मी ‘तणावमुक्ती’चा वर्ग घ्यायची. पहिली पाळी सुटताना माणसं सेफ्टी शूज काढून पुठ्ठ्यांवर बसायची, बहुतेकांची कंबर धरलेली. एकदा मी पॅकिंगच्या जागेपाशी जाऊन उभी राहिले. खोकी जमिनीलगतच्या फळीवरून उचलायची, वळायचं, पट्ट्यावर ठेवायची, दिवसभर. मी एचआरच्या साहेबांना म्हटलं, फळी गुडघ्याच्या वर घ्या, निम्मी कंबरदुखी आपोआप जाईल. ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही श्वासाचं बघा.’ पुढच्या महिन्यात माझा वर्ग बंद झाला. तरीही तू तिथे जाशील तेव्हा फळीची उंची बघ आणि बोल. रात्रपाळीनं उडालेली झोप, बसायला न मिळणारी पाळी, या गोष्टींचं ओझं भ्रामरी प्राणायाम शिकवून कामगाराच्याच माथी मारणं मला मान्य नाही. योगानं माणूस सोसायला शिकतो हे खरं, पण जे सुधारता येतं ते सोसायला लावण्यासाठी आपल्याला कुणी पगार देत असेल तर तो घेऊ नये.

आता पैशांचं. कंपनीचा माणूस तुला म्हणाला की ‘हे सगळं सीएसआरमधून करतोय, समाजसेवा आहे’. त्याला विचार, कुठल्या खात्यातून? कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यालाच सीएसआर म्हणतात. पण स्वतःच्या मालाची प्रसिद्धी मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, हे नियमांतच लिहिलंय. केवळ आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घेतलेला वर्गही त्यात बसत नाही. म्हणजे उत्पादनाचं नाव घ्यायला लावणारी रक्कम जाहिरातीची आहे, आणि जाहिरातीचा भाव समाजसेवेच्या भावापेक्षा बराच जास्त असतो. खरोखर सीएसआर करायचं असेल तर त्यांना म्हणावं, पंचवटीतल्या महापालिकेच्या शाळेत वर्षभर एका शिक्षिकेचा पगार द्या, कोपऱ्यात कंपनीचं नाव लिहा, मुलांच्या हातात पाकिटं देऊ नका. ही चौकशी तू लेखी कर. उत्तर येईल ते मलाही दाखव.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. तपोवनात तंबू पडायच्या आधीच तुझ्यासारख्या चांगलं बोलणाऱ्या, तरुण शिक्षकांकडे असे मसुदे येऊ लागतील. चटईवाले येतील, पाण्याच्या बाटल्यांवाले येतील, द्राक्षबागेतल्या रिसॉर्टचे वीकेंडवाले तर आत्ताच येतात. महागड्या लेगिंग्जबद्दल मला काही म्हणायचं नाही, ज्याला परवडतं त्यानं घ्यावं, फक्त वर्गात कुणाला जुन्या पंजाबी ड्रेसमध्ये संकोच वाटू देऊ नकोस.

या कार्यक्रमापुरतं माझं मत सांगते. बॅनर लावू दे, पण मंचामागे नको, प्रवेशापाशी. चटया घे, त्यांवर कंपनीचं नाव असलं तरी चालेल. नोंदणी तुझ्या कागदावर, फक्त नाव आणि तातडीला लागणारा फोन नंबर, आणि तो कागद तुझ्याकडेच. रस नको, पावडरीचे नमुने नकोत. व्हिडिओंत उत्पादन दिसणार असेल तर ‘सशुल्क जाहिरात’ असं मोठ्या अक्षरांत, पहिल्या क्षणापासून. एवढ्यावर त्यांनी रक्कम निम्म्यावर आणली तरी हो म्हण. तिथेही अडून बसले तर चटया घरून आणायला सांग, नाशिककर आणतात.

आणि संध्याकाळच्या बॅचची फी जूनपासून वाढव. किती वाढवायची ते आपण बसून ठरवू. रविवारी दहाच्या सुमाराला ये, येताना हॉलच्या भाड्याची पावती, विजेचं बिल आणि वहीतली फक्त फीची पानं घेऊन ये. ‘त्रास’चा रकाना मला दाखवायचाही नाही.

तुझी,
ताई