सोलापुरात हिवाळ्यात घरामागच्या बागेत चिमण्या-कावळ्यांपलीकडे काय दिसतं?

जुळे सोलापुरात घरामागे १० बाय १५ फुटांची बाग, तीत कढीपत्ता, लिंबू, तुळस, जास्वंद, पानफुटी, आणि तरी थंडीत चिमण्या-कावळ्यांशिवाय काही दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या झाडांवर भरपूर काही असतं. बघायची वेळ तेवढी बदला.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ३० च्या घरात जातो. रात्रभरात कीटकांचं अंग गार पडतं आणि ऊन लागल्याशिवाय बहुतेकांना उडता येत नाही. म्हणून सूर्य वर आल्यावर, साधारण सव्वासात ते साडेआठ, बागेत पहिलं ऊन जिथे पडतं तिथे जा. फुलपाखरं पंख पसरून, सरडा कुंपणावर अंग चपटं करून ऊन खात असतो. त्या वेळी हातभर अंतरावरूनही नीट बघता येतं, फक्त आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. दहानंतर हेच जीव जवळ येऊ देत नाहीत.

लिंबू आणि कढीपत्त्याची कोवळी पानं खालून-वरून तपासा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर ते बहुधा फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाल्यावर तीच हिरवी होते. काडीने हलकेच टोचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदा बघा, पुन्हा पुन्हा डिवचू नका. कोष आजूबाजूच्या रंगानुसार हिरवा किंवा तपकिरी होतो. थंडीत तो उन्हाळ्यापेक्षा जास्त दिवस तसाच राहतो आणि लोक मेला समजून काढून टाकतात. कोषाला बारीक गोल भोक दिसलं तरच समजा, की परजीवी गांधीलमाशी आतून खाऊन बाहेर पडली आहे.

पानफुटी मात्र माझ्या मते तुमच्या बागेतला सगळ्यात मोठा ठेवा आहे. तिच्या जाड पानावर फिकट, पारदर्शक डाग दिसला तर पान उजेडासमोर धरा. आत काळसर विष्ठेचे कण आणि त्यांच्या पुढे अळी दिसेल. रेड पिएरो या चिमुकल्या फुलपाखराची अळी पानाच्या दोन सालींमधला गर खात वाढते. पान रोगट म्हणून खुडलं, की तीही गेली.

ओट्याखाली किंवा भिंतीच्या कडेला, जिथे पाणी पडत नाही अशा भुरभुरीत मातीत बोटाच्या पेराएवढे नरसाळ्यासारखे खड्डे शोधा. तळाशी दडलेला किडा, काठावरून घसरलेली मुंगी जबड्यात पकडतो. बागेला पाणी घालताना ही एक वीतभर जागा कोरडी ठेवा. पाइपाचा फवारा सकाळी मारू नका, त्याने दव पडलेली कोळ्यांची जाळी तुटतात. निंबोळी अर्कसुद्धा सरसकट फवारू नका. मावा पडलाय त्याच फांदीवर मारा.

अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वाळक्या काड्या आणि गवताच्या टोकांवर बघा. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर जबड्याने काडी पकडून, रांगेने झोपलेले सापडू शकतात. यासाठी सुकलेल्या काड्या छाटू नका. प्रकाश काही क्षणच टाका.

पाहुण्या पक्ष्यांत थिरथिरा सहज ओळखता येतो. भिंतीवर किंवा जमिनीलगत बसतो, तांबूस शेपटी सारखी थरथरत असते. ऑक्टोबरच्या सुमारास येतो, मार्च-एप्रिलपर्यंत परततो. जास्वंदीवर येणारा शिंजीर (चिमुकला सूर्यपक्षी) पिवळसर दिसला आणि छातीवर मधोमध काळी रेघ असली, तर तो विणीचा पिसारा उतरलेला नर. पुढे हळूहळू तो पुन्हा चमकदार जांभळा होतो.

पाण्यासाठी मातीचा परळ ठेवा. खोली ३-४ सेंटिमीटरच असावी आणि मध्ये एखादा दगड हवा, नाहीतर मधमाश्या बुडतात. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा भाजी धुतलेलं पाणी चालेल, साबणाचं नको. पण दर दोन दिवसांनी परळ घासून पाणी बदलाच. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. दाण्यांची थाळी ठेवू नका, पारवे आणि उंदीर जमतात. त्यापेक्षा रब्बीचं ज्वारीचं एखादं कणीस ५-६ फुटांवर दोरीने टांगा. लटकत्या कणसावर चिमण्या आणि मुनिया बसतात, जड पारव्याला ते जमत नाही. पेरणीचं औषध लावलेलं रंगीत बियाणं मात्र कधीही वापरू नका, ते पक्ष्यांना विषारी असतं.