जैसलमेर : आधी गडीसर, मग किल्ला

डिसेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन तीन दिवस जैसलमेरला जायचे आहे, तर काय पाहावे आणि किल्ल्यातल्याच हॉटेलात उतरावे का, असे आपण विचारले आहे. मीही नागपूरचाच. दोनदा तिथे जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की हे शहर पाण्याचा माग काढत पाहावे.

पहिल्या सकाळी गडीसर तलावावर जावे. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे जेमतेम दोनशेच्या आसपास. अशा ठिकाणी शतकानुशतके याच तलावाने गावाची तहान भागवली, हे मनात ठेवून वर पाहिले की रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेला, ९९ बुरुजांचा तो पिवळ्या दगडाचा किल्ला निराळाच दिसू लागतो. किल्ल्यातील जैन मंदिरे सकाळच्या वेळेतच पाहून घ्यावीत.

मुक्काम मात्र किल्ल्यात करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. वर नळाचे पाणी पोहोचल्यापासून सांडपाणी टेकडीत मुरते, तिच्या पोटातील मातीचे थर भिजतात आणि त्यामुळे तिथली बांधकामे खचली आहेत. खालच्या शहरात राहिल्यास पटवा व्यापाऱ्यांच्या पाचही हवेल्या पायी पाहता येतात. नथमल हवेलीचे दोन भाग दोन भावांनी घडवले, म्हणून ते हुबेहूब जुळत नाहीत. गाईडने सांगण्याआधी वडिलांनाच फरक शोधू द्यावा.

दुसरा दिवस कुलधरा या पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेल्या ओसाड गावासाठी ठेवावा. तिथे भुताच्या गोष्टी फार ऐकवल्या जातात. त्यापेक्षा गाडीवाल्याला त्या परिसरातील एखादी 'खडीन' दाखवायला सांगावे. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी पालीवाल ब्राह्मण सखल भागात मातीचा लांब बांध घालून अडवत, आणि ते जमिनीत मुरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा घेत. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव पाहिलेल्या माणसाला यातली बुद्धी लगेच कळते. फरक इतकाच की आपल्याकडे तलावातले पाणी धानाला सोडतात, तिथे पाणी ओसरल्यावर त्या तळातच पेरणी होते.

समच्या वाळूच्या टेकड्या सुमारे ४० किलोमीटरवर आहेत. आई-वडील थकले असतील तर त्या सोडून संध्याकाळी जवळच्या बडा बागेतील राजघराण्याच्या स्मारक-छत्र्या पाहाव्यात. रात्री थंडी चांगलीच बोचते, तेव्हा स्वेटरसोबत कानटोप्याही न्याव्यात.