'बर्सर्क'ची १९९७ ची मालिका अर्धवट संपते, तरी पाहावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की 'बर्सर्क' या जपानी चित्रकथेवरची, म्हणजे मांगावरची, जुनी अॅनिमेशन मालिका ऐन मोक्याच्या जागी थांबते असं सगळे म्हणतात, मग ती पाहावी की सरळ मांगाच वाचायला घ्यावी? मी सांगेन, आधी मालिका पाहा. पंचवीसच भाग आहेत.

पहिल्या भागात थोडा धीर धरा. एक डोळा गेलेला, डाव्या हाताच्या जागी लोखंडी हात, पाठीवर माणसाच्या उंचीपेक्षा मोठी तलवार, असा नायक गट्स समोर येतो. तो माणसं मारतो, राक्षस मारतो आणि मेलेल्या निरपराधांसाठीही त्याच्या तोंडून हळहळीचा शब्द निघत नाही. दुसऱ्या भागात गोष्ट एकदम मागे जाते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा शेजारी बसलेला माझा रूममेट म्हणाला, "अरे, याला तर दोन्ही हात आहेत!" पुढचे चोवीस भाग म्हणजे त्याच्या या वाक्याचं उत्तर आहे. हात आणि डोळा कसा गेला ते अगदी शेवटी कळतं. पण हा माणूस असा कोरडा का झाला, ते त्याआधीच हळूहळू उलगडत जातं आणि त्यासाठीच मालिका पाहायची.

भाडोत्री सैनिक असलेला गट्स ग्रिफिथ नावाच्या म्होरक्याच्या टोळीत येतो. लहानपणापासून ज्याला कुणी आपलं म्हटलं नाही, त्याला तिथे पहिल्यांदा माणसं मिळतात. मग एका रात्री ग्रिफिथच्या सांगण्यावरून तो एका सरदाराचा खून करतो आणि नेमका त्याच वेळी खोलीत आलेला सरदाराचा लहान मुलगाही त्याच्या तलवारीखाली येतो. मरणाऱ्या त्या पोराचा हात गट्स हातात धरतो. तसाच जखमी अवस्थेत तो ग्रिफिथला शोधत जातो, तर ग्रिफिथ कारंज्यापाशी राजकन्येला सांगत असतो की, मित्र मी त्यालाच म्हणेन ज्याचं स्वतःचं स्वप्न आहे, जो माझ्या बरोबरीचा आहे. माझ्या मागे येणारे माझे मित्र नव्हेत. गट्स खालच्या पायऱ्यांवर उभा राहून हे ऐकतो. काहीच बोलत नाही. मला विचाराल तर सगळी शोकांतिका त्या पायऱ्यांवर सुरू होते. पुढचे राक्षस, रक्तपात, सगळं त्यानंतरचं.

ही मालिका जपानात रात्री उशिरा दाखवली जायची. पैसा बेताचाच असावा असं पाहताना जाणवतं. कित्येक लढायांत चित्र हलतच नाही, रंगवलेल्या स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरतो. पण दिग्दर्शक नाओहितो ताकाहाशी यांनी घाई केलेली नाही आणि सुसुमु हिरासावा यांचं संगीत त्या स्थिर चित्रांना जिवंत करतं. २०१६ ची संगणकावर केलेली मालिका मात्र मी सुचवणार नाही. मूळ मांगा लिहिणारे-काढणारे केंतारो मिउरा यांच्या बारीक रेघांतला अंधार तिच्यात उरलेलाच नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लैंगिक अत्याचार आणि लहान मुलावरचे अत्याचार यांचे प्रसंग यात आहेत आणि शेवटचे भाग फार क्रूर आहेत. असं काही पाहून तुम्हाला त्रास होत असेल तर ही गोष्ट सोडून दिलीत तरी काही बिघडत नाही.

मालिका संपल्यावर मांगा, ती थांबते तिथून म्हणजे चौदाव्या खंडापासून नाही, पहिल्यापासून वाचा. पक नावाचा छोटा परीसारखा सोबती आणि कवटीच्या शिरस्त्राणाचा स्वार ही दोन्ही महत्त्वाची पात्रं मालिकेतून गाळलीत. त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मिउरा मे २०२१ मध्ये ५४ व्या वर्षी गेले, गोष्ट अपुरी राहिली. शाळेपासूनचे त्यांचे मित्र कोजी मोरी यांना त्यांनी शेवटपर्यंतचं कथानक सांगून ठेवलं होतं. जून २०२२ पासून मोरी आणि मिउरांचे सहायक चित्रकार ती पुढे नेतायत. मिउरांनी मला सांगितलं तेवढंच लिहीन, असा मोरींनी शब्द दिलाय.

आणि पंचविसावा भाग संपला की त्याच रात्री पहिला भाग पुन्हा लावा. तोच लोखंडी हात, तोच एक डोळा. या वेळी तुम्हाला तो माणूस ओळखीचा वाटेल.