‘सिक्युरिटी तू बघ’ म्हणाले, आता मुलीने काय करावं?

रत्नागिरीच्या एका पालकांचं पत्र आहे. मुलगी बी.कॉम. झाली, आंबा निर्यातदाराच्या ऑफिसात हिशेब बघते. तिथे मेलवरून होणारी फसवणूक थोडक्यात टळली, तेव्हापासून मालक म्हणतात, ‘कॉम्प्युटरची सिक्युरिटी आता तू बघ.’ मुलगी घाबरली आहे. वडील विचारतात, नोकरी सोडावी की कर्ज काढून सायबर सिक्युरिटीचा कोर्स लावावा?

नमस्कार,

दोन्ही नको. राउटर, अँटिव्हायरस हार्डवेअरवाला बघेल. पेमेंट मात्र तुमच्या मुलीच्या हातून जातं, आणि चोराचा डोळा तिथेच असतो.

ऐन हंगामात, एप्रिल-मेमध्ये, खोकेवाल्याच्या नावाने मेल येतो: ‘आमचं खातं बदललं, रक्कम नव्या खात्यावर टाका.’ तिने आधी मेल पत्त्यातलं एकेक अक्षर वाचावं. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की ‘एम’सारखे दिसतात. पण खोकेवाल्याचाच मेल कुणी फोडला असेल, तर पत्ता अगदी बरोबर असतो. म्हणून फोन करायचाच, आणि तो जुन्या बिलावरच्या नंबरवर. मेलमधला नंबर चोराचाही असू शकतो. ‘मालक घाई करतायत’ हे कारण इथे चालत नाही.

मालकांचा नेटबँकिंग पासवर्ड ती वापरत असेल, तर तो आजच परत करावा. व्यवसायाच्या खात्याला बँकेकडून मेकर-चेकरची सोय मागता येते: ती पेमेंट भरेल, मालक मंजूर करतील. टॅलीतही तिचा स्वतंत्र युजर हवा. एकाच पासवर्डवर चौघे बसत असतील, तर बिलातला आकडा कुणी बदलला ते कळत नाही आणि आळ हिशेबनीसावर येतो. तिच्या नोकरीच्या दृष्टीने मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

बॅकअपची डिस्क कायम जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, तीही लॉक करतं. बॅकअप झाला की डिस्क काढावी आणि दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवावी. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पाणी कुठवर चढलं होतं, ते आपल्याला सांगायला नको. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून एखादी फाइल उघडून बघावी.

चूक झालीच, तर लपवू नये. लगेच बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात. जितका उशीर, तितकं अडवायला कमी उरतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांना ठरावीक सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात, हे मालकांच्याही कानावर घालावं.

कोर्सचं म्हणाल तर दोन वर्षं हेच काम नीट करू दे. त्यातून आवड लागली तर माहिती प्रणालींच्या ऑडिटकडे, म्हणजे कंपन्यांच्या कॉम्प्युटर यंत्रणेच्या तपासणीकडे वळता येईल. त्यातली ‘सिसा’ (CISA) ही परीक्षा आधी देता येते. प्रमाणपत्रासाठी मात्र 5 वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, पदवीमुळे त्यात थोडी सूट मिळते. कर्ज तूर्त काढू नका. सोमवारी तिला मालकांकडे स्वतःचा टॅली युजर मागायला सांगा.