जुन्या काळी ईमेल पोचायची, पण तिचं उत्तर का हरवायचं?

तुम्ही विचारलंय की १९८०च्या दशकातल्या ईमेल पत्त्यांत उद्गारचिन्हं आणि टक्क्याची चिन्हं का दिसतात, आणि मेल नीट येऊनही तिला दिलेलं उत्तर का परत यायचं. मी मेल सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तेव्हा नेटवर्कं अनेक होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहायची रीत वेगळी. इंटरनेटचं पूर्वज असलेल्या अर्पानेटवर 'नाव@मशीन'. यूयूसीपीत युनिक्स मशीनं फोन लावून एकमेकांना मेल देत, तिथे पत्ता म्हणजे अख्खी वाट: 'यूयूनेट!शक्ती!जोशी'. (शक्ती हे मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतलं मशीन.) अर्पानेटवरून बिटनेट या विद्यापीठांच्या नेटवर्कला लिहायचं तर 'जोशी%मशीन.बिटनेट@गेटवे' (गेटवे म्हणजे दोन नेटवर्कं जोडणारं मशीन). आता 'अ!ब@क' असा मिश्र पत्ता आला की अर्पानेटचं मशीन मेल आधी 'क'कडे धाडी, यूयूसीपीचं आधी 'अ'कडे. आपापल्या नियमाने दोघंही बरोबर!

पण खरा घोळ हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या ओळींत होता. मेल पोचवायला लागणारा पत्ता वेगळा जातो. 'फ्रॉम' आणि 'सीसी' या ओळी मजकुराबरोबर प्रवास करतात, आणि उत्तर देताना आपण त्यांच्यावरच विसंबतो. यूयूसीपीतली वाट पाठवणाऱ्याच्या मशीनपासून मोजलेली असे. 'देवळापासून डावीकडे तिसरं घर' हे देवळापाशी उभ्या माणसालाच उपयोगी, तसंच ते. म्हणून मधल्या प्रत्येक गेटवेला त्या ओळी बदलून लिहाव्या लागत. कुणी 'फ्रॉम' बदले आणि 'सीसी' तशीच ठेवी, कुणी आधीच बदललेला पत्ता पुन्हा बदले. मग सगळ्यांना उत्तर धाडलं की निम्मी मेल भलतीकडे. बर्कलीच्या एरिक ऑलमनने लिहिलेल्या सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पत्ते बदलायच्या नियमांचं जे जंगल दिसतं, ते याच गरजेतून वाढलं. त्याच्या किचकटपणाला लोक नावं ठेवतात, मला मात्र ते काम थोर वाटतं.

ब्रिटनच्या विद्यापीठांचं नेटवर्क जानेट, त्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे डोमेन उलटं लिहीत, देश आधी: 'यूके.एसी.ऑक्सफर्ड.सीएस'. गेटवेने ते उलटवून द्यायचं. पण चेकोस्लोव्हाकियाला 'सीएस' हे डोमेन मिळालं आणि शेवटी 'सीएस' असलेला पत्ता संगणकशास्त्र विभागाचा की त्या देशाचा, हे नुसतं बघून ठरवता येईना.

१९८२च्या आरएफसी ८२२ या मानकाने हेडरचा साचा पक्का केला होता, पण वाटेचा प्रश्न सुटला तो १९८६मध्ये एमएक्स नोंदी आल्यावर. इंटरनेटला न जोडलेल्या मशीनलाही डोमेन नाव घेता आलं. त्याची मेल कुठल्या गेटवेने घ्यायची ते या नोंदींवरून डीएनएस, म्हणजे डोमेन नावांची यंत्रणा, सांगू लागली. पत्त्यात वाट लिहायची गरजच संपली, आणि 'फ्रॉम'ची ओळ कुणी हात न लावता पलीकडे जाऊ शकली.