जुने गेम्स जमवायला लागलायस? मग आधी हे वाच

सगळ्यात आधी एक सांगतो, लगेच दहा कन्सोल घेत सुटू नकोस, लहानपणी ज्याच्यासाठी जीव टाकायचास तो एकच घे आणि त्याचे चार-पाच गेम पूर्ण खेळ, कपाटात नुसतं रचून ठेवण्यात काय मजा नाही रे. कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमधे खुपसायची गेमची प्लास्टिकची डबी, चालत नसेल तर फुंकर मारू नकोस प्लीज, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुस, काडी काळीकुट्ट निघते आणि गेम पहिल्या झटक्यात सुरू होतो, तो आनंद वेगळाच! जुन्या बऱ्याच कार्ट्रिजमधे सेव्हसाठी बटण-सेल असतो, तो संपला की सेव्ह गायब. माझा एक सेव्ह असाच गेला, अजून वाईट वाटतं.

अ‍ॅडॉप्टर मात्र नीट बघून लाव. फॅमिकॉमला, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या जपानी कन्सोलला, १० व्होल्ट डीसी लागतं आणि त्याच्याच अमेरिकन आवृत्तीचा, एनईएसचा, अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो, चुकून तो फॅमिकॉमला लावलास तर मशीन जळू शकतं. आणि बंदुकीचे जुने गेम खेळायचे असतील तर डबा टीव्ही शोधच, एलसीडीवर ती बंदूक चालत नाही.